भाकरीचा तुकडा

काल सून गोकर्णपर्यंत एकटी गाडी चालवून परत आली. तिनं गाडीचं दार उघडलं तसा तापलेल्या सीटचा आणि ओल्या वाळूचा वास आला, आणि मला आष्ट्याचं आमचं जुनं अंगण आठवलं.

तरुणपणी एकदा मी मैत्रिणींना घेऊन, स्वतः जीप चालवत गणपतीपुळ्याला गेले होते. नवरा फौजेत, लांब सीमेवर. सासूबाईंना मी विचारलं नव्हतं, जाते म्हणून नुसतं सांगितलं होतं. त्या भाकऱ्या थापत राहिल्या होत्या. जातानाचा मोकळेपणा सासूबाईंच्या धास्तीनं परतीचा आंबा घाट चढेपर्यंत पार विरून गेला.

जीप अंगणात थांबली. सासूबाई दारात आल्या, "तितंच थांब" म्हणाल्या आणि आत गेल्या. आता काही आपल्याला घरात घेत नाहीत, असं वाटून मी चपलेतली वाळू झाडत उभी राहिले.

त्या भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आल्या. तुकडा माझ्यावरून ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी ओतलं. आमच्याकडं हे सुट्टीवर आलेल्या फौजीसाठी करायचे, सुनेसाठी नव्हे.

"आवं, मी काय लढाईवरनं आले व्हय?"

"लांबनं आलीस न्हवं? चल आत. दर्या केवढा असतो, त्ये सांग."

त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. पण तेव्हा मी सुटकेच्या आनंदात होते, त्यांना दर्याचं सांगायचं राहूनच गेलं.

आता डोळ्यांमुळं माझं गाडी चालवणं बंद झालंय. काल सुनेला दारातच थांबवून मी चपातीचा तुकडा ओवाळला, आणि ती उंबरा ओलांडायच्या आधीच विचारलं, "रस्ता कसा होता, ते सांग."