बारा बैल आणि सोनाजी मास्तर

सोनाजी मास्तरांना गाता येत नव्हतं, चित्र काढता येत नव्हतं आणि दुपारी जागं राहता येत नव्हतं. आमच्या शाळेत कलेचं जे काही शिक्षण झालं ते याच माणसाने केलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी त्यांचा फोटो लावून हार घालायच्या भानगडीत पडणार नाही. मास्तरांनी तो हार शेळीला खाऊ घातला असता.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, एकोणीसशे चाळीसच्या आसपासची. आमचं गाव कळमनुरीपासून तीन कोसांवर. शाळा चावडीला लागून असलेल्या एका खोलीत भरायची. मास्तर मूळचे वसमतचे. आधी त्यांच्या पाच बदल्या झाल्या होत्या आणि पाचही झोपेवरून. आमच्या गावात चावडीमागे लिंबाची सावली होती, घरोघरचं दही मिळायचं आणि उठवायला कुणी येत नव्हतं. इथून हलायचं नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

तेवढ्यात तालीमखात्याचा, म्हणजे शिक्षणखात्याचा, कागद आला. दिवाळीच्या आत तपासणी होणार, आणि त्या दिवशी तीस पोरं हजर नसली तर शाळा बंद. आमच्या शाळेत पोरं होती बावीस. मास्तर तीन दिवस दुपारचे झोपले नाहीत, असं त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी गावभर सांगितलं, आणि गावाला खरंच काळजी वाटली. चौथ्या दिवशी मास्तर टेकडीपलीकडच्या तांड्यावर गेले आणि खेमा नाईकांपुढे हात जोडून बसले.

नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. ही माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. आता उताराच्या मुरमाड रानात शेती करत होती. नाईकांनी नऊ लेकरं द्यायचं कबूल केलं. त्यांत त्यांचा नातू थावरा होता.

"पोळ्यापर्यंत धाडतो, मास्तर," नाईक म्हणाले. "लेकरं हसत घरी आली तर बराबर. रडत आली तर मी सोता येऊन घेऊन जाईन."

लेकरं पहिल्याच दिवशी रडत गेली. रडवणाऱ्यांत मी पुढे होतो. मी संतराम, तातेराव पाटलांचा मुलगा, वय वर्षं दहा, अक्कल त्याहून बरीच कमी. ती नऊजणं दाराशी अंग चोरून बसायची. काही बोलली की आम्ही त्यांच्या बोलीची नक्कल करायचो.

मास्तरांना घाम फुटला. त्यांनी विचार केला, पोरांना गाण्याने जवळ आणू. थावराला उभं केलं आणि म्हणाले, "तुमच्याकडचं एखादं म्हण." थावराने डोळे मिटून, चांगला आवाज लावून म्हटलं. आम्ही पोट धरून हसलो. चार दिवस तांड्याचं एकही पोर आलं नाही आणि पाचव्या दिवशी नाईकच आले.

"आमची लेकरं तुमाला तमाशा दाखवायला धाडली न्हाईत," एवढंच बोलून ते गेले. मास्तरांनी पुन्हा तांड्यावर जाऊन हात जोडले. तेवढं त्यांना चांगलं जमायचं.

मग चित्रकला. पाटीवर आपापलं घर काढा, असं फर्मान निघालं. मी आमच्या घराला नसलेला मजलासुद्धा काढला. थावराने त्याची झोपडी काढली, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हे घर हाय का गवताची गंजी?" थावराने पाटी माझ्या डोक्यात घातली. पाटी फुटली, डोकं शाबूत राहिलं. मास्तरांनी दोघांना बाहेर उभं केलं आणि स्वतः कपाळाला हात लावून बसले.

त्या दिवशी त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. पोरांना आपापलं आणून दाखवायला लावलं की ती लगेच तुझं केवढं, माझं केवढं करतात. मोठ्या माणसांची सभा असती तरी दुसरं काही झालं नसतं.

पोळा आठ दिवसांवर आला होता. पोळ्याला घरोघर मातीच्या बैलांची पूजा होते, म्हणून मास्तर नर्मदाबाई कुंभारणीकडे थोडी माती मागायला गेले. पोरांना बैल करायला बसवावं आणि आपण जरा पडावं, एवढाच बेत होता. ओट्यावर पन्नास-साठ बैल वाळत होते. त्यांतला एक उचलून मास्तरांनी विचारलं, "हा तुमी केला का सासऱ्यानं?"

"आख्खा बैल आमच्यात कोणीच करत न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. "सासरा धड करतो, मी पाय न् शिंगं लावते, लेकरं डोळे काढतात. एकट्यानं करत बसलं तर पोळा निघून जाईल की."

मास्तर बराच वेळ तिथेच उभे राहिले आणि माती न घेताच परत आले. तिला वाटलं, यांना ऊन लागलं. माती आणायला दुसऱ्या दिवशी आम्हालाच जावं लागलं.

"शाळेचे बारा बैल करायचे," मास्तरांनी सांगितलं. "पण आख्खा बैल कोणीही करायचा न्हाई. केला तर मी मोडीन." मग त्यांनी प्रत्येकाला एकेक पाय करायला लावला. बैलाचं वजन पेललं ते फक्त थावराने केलेल्या पायाने. त्याने बैलांमध्येच जन्म काढला होता. बैल कुठल्या पायावर भार देतो हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पायांचं खातं त्याच्याकडे गेलं. शिंगं तांड्याच्या निर्मलाकडे, धडं शेतकऱ्यांच्या पोरांकडे, वशिंडं आणखी कुणाकडे. मी केलेलं काहीच उभं राहीना, म्हणून मला कान दिले. कानांना उभं राहावं लागत नाही.

खरी गंमत पुढे होती. ओली माती ओल्या मातीलाच चिकटते. धड तयार होईपर्यंत पाय वाळला तर तो लागत नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने जोडावर पाणी फिरवायचं, तिसऱ्याने दाबायचं. त्यामुळे भांडायला वेळ मिळेना, आणि अबोला धरला तर बैल लंगडा व्हायचा. त्यांच्या बोलीतल्या चार शिव्या आम्ही शिकलो, आमच्यातल्या चार त्यांनी घेतल्या, हिशोब बरोबरीत सुटला.

तिसऱ्या दिवशी निर्मला आली नाही. बारा बैल शिंगांवाचून अडले. मी आणि आणखी एकजण टेकडी चढून तांड्यावर गेलो. गावची पोरं तिथे कधी जात नसत. निर्मला तापाने झोपली होती. आम्ही दारात उभे राहून विचारलं, "शिंगं कधी करशील?" तिच्या आईने आम्हाला ताक पाजलं आणि दोन दिवसांनी या म्हणाली. दोन दिवस आम्ही धडांवर ओली फडकी टाकून बसलो.

शाळेत आपली जागा आहे म्हणजे दुसरं काय असतं? आपण आलो नाही तर कुणाचं तरी काम अडलं पाहिजे. हे मोठमोठ्या विद्वानांना लिहिता आलं असतं, पण करून दाखवलं ते दुपारच्या झोपेला चटावलेल्या आमच्या मास्तरांनी.

एवढं होऊनही पोळ्याच्या दिवशी घोळ झालाच. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची, मग मानाप्रमाणे एकेकाची, आणि तांड्याचे बैल सर्वांत शेवटी, धुळीत. ही रीत जुनीच होती. पण थावरा यंदा आम्हा पोरांच्या देखत शेवटी उभा होता, आणि एका मेहेरबानाने त्याला सांगितलं की उद्या शाळेतही असंच होणार. थावरा रडत घरी गेला. रात्री नाईकांचा निरोप आला: उद्या येतो, लेकरं घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी, करीला, चावडीपुढे शाळेचा पोळा होता. मास्तरांनी बाराही बैल गोल करून मांडले होते, म्हणजे पहिला कुठला आणि शेवटचा कुठला ते कळू नये. गाव जमला. मागे खेमा नाईक काठीवर हात ठेवून उभे होते. आणि मग नवा फेटा बांधून आमचे वडील आले.

"पाटलाचा बैल कोणता?" त्यांनी विचारलं. "त्याची पूजा पहिली."

"पाटील, तुमच्या संतरामनं कान केलेत," मास्तर म्हणाले.

"कोणाचे कान?"

"समद्यांचेच."

कुणीतरी हसलं. वडिलांचा चेहरा लाल झाला. "संत्या, तुझं काय असंल ते उचल आन् चल घरी. उद्यापासून शाळा बंद. माझ्या पोराबरोबर बाकीचे बी काढतील आपले पोरं."

ते खरं होतं. पाटलाचा मुलगा निघाला असता तर अर्धी शाळा निघाली असती. मास्तरांनी हात जोडले, पण वडिलांनी तिकडे पाहिलंही नाही. मी गोलात शिरलो. माझं म्हणजे चोवीस कान. पहिल्या बैलाचा कान मी चिमटीत धरला. समोर थावरा उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता, बैलाच्या पायांकडे पाहत होता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

बायकांच्या घोळक्यातून आई, पार्वतीबाई, पुढे आली. "सणाला बैलाचे कान तोडायला लावता काहून?" ती वडिलांना म्हणाली. "आपल्या दावणीला बैल हायेत न्हवं?"

सगळ्या गावापुढे तिने वडिलांना घरच्या गुरांची आण घातली. पोळ्याच्या सणात बैलाला काठी लावत नाहीत, आणि इथे पाटील बारा बैलांचे कान उपटवत होता. वडिलांनी मला हाताने मागे सारलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ताट आना."

समोर आला त्या बैलाला त्यांनी हळदकुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं आणि खाली वाकून त्या पायांवर डोकं टेकवलं. उठता उठता तिथेच थांबले. वडिलांना माणसांची पारख नव्हती, पण बैलाची होती.

"पाय झकास उतरलेत," ते म्हणाले. "कोणी केले?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "थावरानं. खेमा नाईकाच्या नातवानं."

डोकं टेकवून झालं होतं. ते काही परत घेता येत नव्हतं. वडिलांनी फेटा सावरला, थावराकडे पाहिलं, मग मागे नाईकांकडे पाहिलं.

"पाय चांगले केलेत तुमच्या पोरानं," ते म्हणाले. "आमच्याचे कान बेकार हायेत."

गाव हसला. थावराही हसला, आणि कान खरंच बेकार होते, म्हणून मीही हसलो. नाईक पुढे आले, बैलापाशी वाकले, पायाच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि थावराच्या डोक्यावर हात ठेवला. काठी उचलून टेकडीच्या वाटेला लागले.

ते लेकरं न्यायला आले होते. गेले ते एकटेच. आम्ही एकतीसजण बैल उन्हातून आत घ्यायला लागलो.