हुडकणाऱ्या शेवडेबाई

शेवडेबाई माउसला हात लावत नसत. रत्नागिरीत एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात त्या टायपिस्ट होत्या. दोन हजार एक-दोनच्या सुमारास तिथे कॉम्प्युटर मीच बसवला. दुसऱ्या दिवशी गेलो, तर माउस कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवलेला.

"मेल्या, तीस वर्षं दहा बोटांवर पोट भरलंय," बाई म्हणाल्या. "आता हे धरून टेबल पुसत बसू?"

खरेदीखतं, बक्षीसपत्रं, दावे यांच्या फायली साचल्या, तशी त्यांनी मला बोलावलं. शोधायची खिडकी त्यांना बटणांवर उघडून हवी होती. त्या जुन्या की-बोर्डला विंडोजचं बटण नव्हतं. मी शोधाचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला आणि प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याला कंट्रोल, ऑल्ट आणि एस ही बटणं लावून दिली.

"एस कशाला?"

"सर्चचा, बाई."

"मी सर्च करत नाही. मी हुडकते. एच घाल."

एच घातला. त्यानंतर पक्षकार खुर्चीत टेकेपर्यंत त्याचा कागद उघडलेला असे. साहेब ज्युनियर वकिलांना सांगत, "बाईंकडून शिका." ज्युनियर शिकले. चांगल्या डोळ्यांची दोन धडधाकट मुलं माउस बाजूला सारून तीन बटणं दाबू लागली. टाइप झालेला मजकूर बाई त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेत. "कोर्टात तोंड उघडायचंय ना? मग इथेच उघड." शिस्त म्हणजे काय, हे बाईंकडून शिकावं, असं मलाही वाटे.

एकदा मशीन बिघडलं आणि मी विंडोज नव्याने टाकलं. तो शॉर्टकट पुन्हा लावायचा राहिला. मी शेजारी बसलेलो असताना बाईंनी तीन बटणं दाबली, क्षणभर थांबल्या, पक्षकाराचं नाव टाइप केलं आणि एंटर मारला. खिडकी उघडलीच नव्हती. कुणाच्या तरी आंब्याच्या बागेच्या खरेदीखतात, चतुःसीमेच्या मधोमध, ते नाव जाऊन बसलं.

"आलं ना?" बाईंनी विचारलं. "वरचंच उघडते."

मी की-बोर्ड हळूच माझ्याकडे ओढला. त्यांची बोटं थांबली.

"डोळ्यांचे पडदे गेलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मधलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. तुझा तो माउसचा बाण मला कधीच दिसला नाही. साहेबांना सांगणार असशील तर आजच सांग. धाकट्या लेकीचं डी.एड. व्हायचंय अजून, तेवढं लक्षात ठेव."

साहेब माझं गिऱ्हाईक होते. चुकीचं खत गेलं असतं तर नाव माझंही गेलं असतं. पण गेल्या वर्षभरात त्या ऑफिसातून एकही चुकलेला कागद बाहेर पडलेला नव्हता. मी ते नाव खोडलं, एच पुन्हा लावला, आणि छापायला, बंद करायलाही बटणं लावून दिली.

दोन वर्षांनी धाकटी राजापूरच्या एका शाळेत शिक्षिका झाली आणि बाईंनी नोकरी सोडली. निरोपाला साहेब मनापासून बोलले. "बाईंच्या नजरेतून एक वेलांटी कधी सुटली नाही. अशी नजर आता मिळायची नाही." ज्युनियरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी शाल-श्रीफळ घेतलं, नमस्कार केला.

जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता. खाली आल्यावर म्हणाल्या, "चांगलं बोलले हो साहेब. बसले कुठे होते रे?"