न हलणारी पाटी

माझी मान हलत नाही. जन्मापासूनच. कुणी पाठून हाक मारली की मी अख्खी वळते, पायांसकट. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर, केस पार मानगुटीत उतरलेले. लहानपणी पोरं मला 'बिनमानेची' म्हणायची नि मी त्यांना वाळू फेकून मारायची. आई मात्र वेणी घालताना माझ्या मानेवरून हात फिरवत राहायची. हिला कोण करून घेईल, एवढीच तिची चिंता.

ती चिंता पाटीनं मिटवली. आमचं गाव तारापूरच्या बाजूला, दर्यावर. होडी लागली की बायका कमरेइतक्या पाण्यात उतरतात. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर मासळीची पाटी, नि तसंच चिखलातून चालत वर यायचं. बाकीच्या पोरींची मान डुलायची, एक हात पाटीला लागायचाच. माझी पाटी जागची हलायची नाही. बोंबलांचं पाणी पाठीवरून गळतंय, दोन्ही हात मोकळे, नि मी आपली तरातरा वर. बायका तोंडात बोटं घालायच्या. "हिची मान नाय गो, खांब हाय खांब!" मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! ज्या मानेपायी रडले, तीच आता मिरवायची झाली. सासूनं मला तिथंच, बंदरावर पसंत केलं. चेहरा नंतर बघितला असेल.

मग काय, सगळ्यात जड पाटी माझी. माहेरी माझी, सासरीही माझीच. त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट दुसरीला दिली तर मलाच राग यायचा.

आधी हात गेला. बोईसरच्या बाजारात मासळी कापताना बोट कापलं नि मला कळलंच नाही. समोरचा एक कारखान्यातला कामगार ओरडला, "मौसी, खून!" तेव्हा खाली बघितलं. पुढं पुढं ब्लाऊजचं बटण लागेना. चप्पल वाटेत गळून पडायची नि मी तशीच पुढं चालत जायची. घरात सगळ्यांचं एकच, वात हाय. सासूचा उपाय तर काय विचारू नका. "पाटी सोडू नको, बसलीस तर मान पक्की आखडंल." आखडायचं काय उरलं होतं, डोंबल! पण तेव्हा मलाही तेच खरं वाटलं. पाय लाकडासारखे ताठ होत गेले, तरी मी पाण्यात उतरतच राहिले. शेवटी एका सकाळी पाटीसकट चिखलात बसले ती उठलेच नाही.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी मानेचा फोटो उजेडाला धरला. तरुण होत्या, बोलणं शांत.

"तुमचे मानेचे मणके आईच्या पोटात असल्यापासून एकमेकांना चिकटलेले आहेत. खांद्याचं हाडही तेव्हापासूनच वर राहिलंय. म्हणून मान हलत नाही. चिकटलेल्या मणक्यांखाली एकच सांधा हलता होता, सगळा भार त्याच्यावर आला. तो झिजला, सरकला, नि आतला मज्जारज्जू दाबला गेला. तुम्ही डोक्यावर ओझं घ्यायलाच नको होतं. कधीच."

कधीच! मी त्यांच्यासमोर हसत सुटले. त्या घाबरल्याच. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

मुंबईला ऑपरेशन झालं. दाब निघाला, पुढचं जायचं थांबलं, पण गेलं ते आलं नाही. बोटं अर्धीच मिटतात. दोन काठ्यांवर घरापासून बोंबील वाळायच्या बांबूच्या वलांडीपर्यंत जाते, बस्स. बाजार सुटला. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला बाजार सुटणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

टाके दाखवायला पालघरला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलगी आहे ना? तिलाही घेऊन या. कधी कधी मुलांत उतरतं."

मी म्हटलं, "तिची मान बापासारखी हो, लांबसडक. खांदे सरळ. खोड तेवढी एक. हाक मारली की माझ्यासारखी अख्खी वळते नि खदखदा हसते. चिडवते मला."

त्या हसल्या नाहीत. "घेऊन याच. नि तोवर तिच्या डोक्यावर काही देऊ नका."

घरी येऊन मी सगळ्यांना बजावलं, पोरीच्या डोक्यावर चुंबळ ठेवाल तर याद राखा. नवऱ्यानं मान डोलावली. सासू पुटपुटली, "धडधाकट पोरीला काय धाड भरलीय?" पोरीला न्यायचं मात्र राहतच गेलं. कधी तिची परीक्षा, कधी नवरा दर्यावर, आणि मला एकटीला रिक्षात चढता येत नाही.

परवा मासळी रग्गड लागली. मी वलांडीपाशी काठ्या टेकून उभी होते. बंदरावरून बायकांचा गलका वर आला. बघते तर माझी पोर चिखलातून येतेय, डोक्यावर भरलेली पाटी, दोन्ही हात मोकळे. मागून सासू, कौतुकानं फुललेली. "बघ गो, आयवर गेली! खांब हाय खांब!"

तोंडातून शब्द फुटेपर्यंत पोर माझ्या समोरून पुढं निघून गेलीसुद्धा. तिच्यामागं धावायला गेले, पाय उचललाच नाही, काठी चिखलात रुतली. मग जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाय गो, टाक ती पाटी! टाक खाली!"

ती वळली. पायांसकट, अख्खी. चिडवायचं हसू तोंडावर नव्हतं, माझ्या ओरडण्यानं ती घाबरली होती. नि डोक्यावरची पाटी जागची हलली नाही.