विंगेतून दिलेली कबुली

आमच्या डिचोलीकडच्या जत्रेतल्या नाटकात संवाद पाठ करण्याची पद्धत नव्हती. दिवसभर दुकानात नाहीतर खाणीच्या ऑफिसात बसणारा माणूस संध्याकाळी राजा व्हायचा, पाठ कधी करणार? तो विंगेजवळ उभा राहायचा, विंगेतला प्रॉम्प्टर वाक्य सांगायचा आणि राजा ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हणायचा. हा प्रॉम्प्टर म्हणजे मी. एकदा मी राजाला म्हटलं, "मागे सर, धोतर पेटेल." राजानं मुठी आवळल्या, शत्रूकडे एक पाऊल टाकलं आणि गर्जना केली, "मागे सर, धोतर पेटेल!" टाळ्या पडल्या. शत्रू मागे सरला. राजाचं धोतर मात्र समईवर पेटलं ते पेटलंच.

हे सगळं आधीच सांगायचं कारण असं की दिवसा मी कोर्टात कारकून होतो, आणि दोन्ही कामं आपल्याला सारखीच उत्तम जमतात असा माझा समज होता.

गोव्याचं घटकराज्य नुकतंच झालं होतं. कोंकणी की मराठी यावरून लोकांनी बोलणं टाकलं होतं, सोयरिकी मोडल्या होत्या. कोर्टात मात्र ज्याला जी येईल ती भाषा चालायची आणि शेवटी सगळं इंग्रजीत टाइप व्हायचं. टाइप मी करायचो.

त्या उन्हाळ्यात कारापूरच्या एका मोठ्या घरातून, लग्नाच्या गडबडीत, चांदीचं तबक गेलं. घरात कामाला दोन बायका होत्या. पोलिसांनी दोघींनाही धरलं. तबक काही सापडलं नाही. एक बाई तिथलीच, गावात तिचं माहेर, गावातच सासर. तिसऱ्या दिवशी तिचा दीर जमिनीचा कागद घेऊन आला, जामीन राहिला, ती घरी गेली. दुसरी गोव्याच्या हद्दीबाहेरची, बांद्याच्या पलीकडची. नवरा वारलेला. पाळी गावच्या खाणीवर कामाला आली होती, तिथलं काम सुटल्यावर या घरात भांडी घासायला लागली. जामीन तिलाही मंजूर झाला होता. अट एकच, जामीनदार गोव्यातला हवा आणि त्याच्या नावावर जमीन हवी. तिच्या ओळखीत जमीन असलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे तबकाचे मालक.

ती तुरुंगात राहिली. तारखेला तिला आणायचं तर सोबत महिला पोलीस लागायची, आणि तेव्हा महिला पोलीस मोजक्याच. भाषेच्या आंदोलनाच्या बंदोबस्ताला त्या आधी जायच्या. मग मी टाइप करायचो, आरोपी क्रमांक दोन हजर नाही. आरोपी क्रमांक एक न चुकता हजर असायची, केसांत अबोलीची वेणी घालून. क्रमांक दोन नाही म्हणून तिलाही पुढची तारीख मिळायची. जाताना ती मला म्हणायची, "ती बाय वेळेर येना मरे, आमची खोटी जाता."

अडीच महिन्यांनी क्रमांक दोन एकदाची आली. कोर्टानं तिला दिलेला वकील तरुण होता, कोट त्याच्या अंगात बसायचा होता. व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. "गुन्हा कबूल केला तर साहेब आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरतील, आजच सुटेल. तुम्ही नाटकवाले. हिला दोन वाक्यं शिकवा."

मला काय, आमंत्रणच! मी बाईला खांबाआड घेतलं. सोबतची महिला पोलीस पेडण्याची होती, ती पायरीवर बसून पाव खात आमची तालीम बघू लागली.

"साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तू म्हणायचं, कबूल आहे. पुढे, कुणी जबरदस्ती केली का? तू म्हणायचं, नाही, माझ्या मर्जीनं सांगते."

ती म्हणाली, "पण मी ता तबक चोरूक नाय."

"ते मला माहीत आहे का, साहेबांना माहीत आहे का? तबकालाच माहीत. तू एवढंच म्हण."

"तुमी किती दिस रवलास आत?"

"मी कशाला राहीन?"

"मगे तुमका सोपा वाटता." पायरीवरची पोलीस हसली.

मग बाईनं पदराच्या गाठीतून एक पोस्टकार्ड काढलं. वाचता तिला येत नव्हतं, ते तुरुंगातल्या कुणीतरी वाचून दाखवलेलं होतं. तिच्या गावाकडच्या दिरानं लिहिलं होतं की तुझ्या पोरीला आता आपण पोसू शकत नाही. गणपतीची चवथ झाली की तिला वास्कोला एका घरी कामाला ठेवणार.

"नववा वरस लागला तिका," ती म्हणाली. "चवथीक किती दिस आसत?"

"अकरा."

"सांगा परत. काय म्हणाचा ता."

तिनं दोन्ही वाक्यं चार वेळा म्हटली. पाठांतर चोख. आमच्या राजापेक्षा कितीतरी बरी! शेवटी मी तिला माझा ठेवणीतला सल्ला दिला. "अडलीस तर घाबरू नको. मी साहेबांच्या खालीच बसलेला असतो. माझ्याकडे कान ठेव आणि मी सांगेन तसंच म्हण."

न्यायाधीश दक्षिण गोव्यातल्या साष्टीकडचे, वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी आरोप वाचला, वकिलानं तो तिला समजावला. "गुन्हा कबूल आहे?"

बाईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिच्यासमोर आरोपी क्रमांक एक बसली होती आणि तिच्याकडे टक लावून बघत होती. एक क्षण गेला, दोन गेले. साहेबांनी मान वर केली. मला राहवेना. मी फाइल तोंडापुढे धरली आणि हलकेच म्हटलं, "कबूल म्हण गे, सांजेक घराक पावतलंस."

बाईचा चेहरा उजळला. तिनं हात जोडले आणि साहेबांकडे बघत खणखणीत आवाजात सांगितलं, "कबूल म्हण गे, सांजेक घराक पावतलंस."

कोर्ट हसलं. आरोपी क्रमांक एकनं तोंडाला पदर लावला. वकील खाली बघू लागला. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "हें तुका कोणें शिकयलें?"

तिनं छताकडे पाहिलं. मग भिंतीकडे. माझ्याकडे एकदाही नाही. "कोणी नाय, साहेबानू."

साहेबांनी मला टाइप करायला सांगितलं: आरोपीची कबुली तिच्या मर्जीची दिसत नाही, म्हणून स्वीकारता येत नाही, खटला पुढे चालेल. कायद्याच्या दृष्टीनं हे शंभर टक्के बरोबर होतं. मी एकही चूक न करता टाइप केलं. पुढची तारीख चवथीच्या सुट्टीनंतरची. जामिनाची अट सैल करा असा अर्ज वकिलानं त्याच वेळी दिला असता तर साहेबांनी तो बघितला असता, पण अर्ज लिहून आणलेला नव्हता. माझ्या थोरल्या भावाच्या नावावर पेडण्यात बागायत होती. त्याला शब्द टाकला असता तर कदाचित तो जामीन राहिला असता. ते मला तेव्हा सुचलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं.

चवथ झाली. आमच्या वाड्यावर नाटक झालं, मी प्रॉम्प्टिंग केलं. मधली एक तारीख महिला पोलीस नाही म्हणून गेली. त्यानंतरच्या तारखेला ती आली. यावेळी तालीम नव्हती. मी टेबलावर दोन्ही हात ठेवून बसलो होतो.

"गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आसा."

"कोणी शिकवलं का?"

"नाय. शिकवणारो आज गप आसा."

पुन्हा कोर्ट हसलं, यावेळी साहेबही थोडेसे. आत काढलेले दिवस हीच शिक्षा. मी टाइप केलं. चोरीच्या गुन्ह्यात दोषी.

वर्षभरानं आरोपी क्रमांक एकचा निकालही मीच टाइप केला. मालकांकडच्या साक्षीदारांना नेमकं काय पाहिलं ते आठवेना. तबक चोरीला गेलं हेच सिद्ध होत नाही, सबब निर्दोष मुक्तता. अबोलीच्या वेणीसकट ती घरी गेली. तबक एकच, घर एकच, दोघींविरुद्धचा पुरावा एकच. फरक दिरानं आणलेल्या जमिनीच्या एका कागदाचा.

पण ते नंतरचं. त्या दिवशी सुटका झाल्यावर बाई व्हरांड्यात त्याच खांबाजवळ उभी राहिली. हातात कापडी पिशवी. मी कागदावर तिचा अंगठा घेतला आणि, तोंड गप्प बसत नाही ना, म्हटलं, "चल, सुटलीस. बांद्याची बस आता लागेलच."

"बांद्याक जावन काय करू?" तिनं अंगठ्याची शाई पिशवीला पुसली. "वास्कोक जावचा आसा."

"वास्कोत कुठे?"

"बंदराकडे म्हणान कार्डार लिवलेला आसा. घराचो पत्तो नाय." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती थेट माझ्याकडे बघत म्हणाली, "थय गेल्यार कोणाक काय विचारूचा, ता सांगा. तसाच म्हणतंय."

वास्कोला पणजीवरून जावं लागतं. मी तिला पणजीची बस दाखवली.