निळा उजेड

दादाने हौसेने गाडीत निळ्या एलईडी पट्ट्या बसवून घेतल्या, तेव्हा बाबा म्हणाले होते, "ही गाडी आहे की गणपतीची आरास?" त्या संध्याकाळी बाबांना धाप लागली आणि त्याच गाडीतून आम्ही दवाखान्याकडे निघालो. मागच्या सीटवर मी त्यांना धरून बसले होते. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, "ओठ निळे पडलेत का?"

निळेच होते. पण माझे हातही निळे होते, दादाची मानही.

"दादा, बंद कर हे!"

शोभेच्या उजेडात सगळं छान दिसतं, फक्त आपलं माणूस दिसत नाही.

त्याने छताचा साधा दिवा लावला. ओठ सुकलेले होते, निळे नव्हते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तो निळाच बरा होता गं. त्यात तू एवढी घाबरलेली दिसत नव्हतीस."