करुणाच्या नावाची चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज पहिल्यांदाच लिहिते.

वडूजजवळच्या एका गावात मी चौथीला शिकवायचे. हात का धुवायचे हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून मी उकडलेल्या बटाट्याच्या तीन चकत्या घेतल्या. पहिलीला मुलांनी खेळून आलेले हात लावले. दुसरीला मी, तिसरीला माझ्या वर्गातल्या करुणाने — आम्ही दोघींनी सगळ्यांसमोर साबणाने हात धुतले होते. चकत्या वेगवेगळ्या पिशव्यांत बंद केल्या, वर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर्गाच्या कपाटात ठेवल्या.

हात धुतल्यावर मधेच माझा फोन वाजला होता. तो मी उचलला आणि त्याच हाताने चकतीला हात लावला. मुलांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

चौथ्या दिवशी शाळा तपासायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मी लवकर जाऊन कपाट उघडलं. मुलांच्या चकतीवर पिवळे, चिकट ठिपके. माझ्याही. करुणाची मात्र स्वच्छ.

काय बिघडलं असतं खरं सांगितलं असतं तर? उलट धडा जास्त पटला असता! पण साहेबांपुढे बाईंचेच हात घाण? मी चिठ्ठ्या बदलल्या — माझी तिच्या पिशवीवर, तिची माझ्या.

“बाई, म्या साबणानं लय घासलं हुतं,” करुणा म्हणाली.

“नीट धुतले नसशील,” मी म्हणाले. साहेबांसमोर. सगळ्या वर्गासमोर.

करुणा बौद्धवस्तीतली. गावातल्या काही घरांत तिच्या हातचं पाणी अजून चालत नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतं. त्या दुपारी खिचडीच्या पंगतीत तिच्या शेजारच्या दोन मुली सरकून बसल्या. घरी ऐकलेल्या गोष्टीला आता बाईंनीच पुरावा दिला होता. मी पाहिलं — आणि वाढत राहिले.

पंधरा दिवसांनी तिची आई आली. “आवं बाई, पोरगी सारखी हात धुतीया. बोटास्नी चिरा पडल्यात. साळंत काय झालंय का?”

“काही नाही,” मी म्हणाले. “चांगली सवय लागलीय.”

त्या माउलीने मला हात जोडले.

दिवाळीनंतर करुणा आलीच नाही. मामाकडे सांगलीला धाडली म्हणून कळलं. मी हजेरीतून तिचं नाव कमी केलं आणि — कसं सांगू — मला सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या महिन्यात ती साताऱ्याच्या स्टँडवर भेटली. कॉलेजची मुलगी झालीय. तिनेच ओळखलं, वाकून नमस्कार केला. तिची बोटं पांढरी पडलेली, सालपटं निघालेली. तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंड उघडलंही.

“अभ्यास कसा चाललाय?” एवढंच विचारलं.

“बरा चाललाय, बाई,” म्हणाली. तिची गाडी लागली. ती गेली.