जेवणाच्या सुट्टीतला गोल्फ

एका ऑफिसात चार माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी डबे उघडत राहिली की किस्से साठतातच. जुन्या फायली निकाली काढायला वरून माणूस येतो. किस्से निकाली काढायला कुणी येत नाही. आमचे सगळे किस्से हसण्यासारखे होते. निदान तेव्हा तरी. हल्ली सांगायला घेतो आणि मध्येच कुठंतरी गप्प होतो. तरी सांगतो.

आमचं ऑफिस तंजावुरात, जमीन मोजणीचं. टेबलाशी चौघं. तुळजाराम राव, म्हणजे आमचे अण्णा, नकाशे काढणारे. मालती मॅडम, सुपरिंटेंडंट. सेल्वम, सर्व्हेअर. आणि मी गोविंद राव, रेकॉर्ड सांभाळणारा. अण्णा आणि मी घरी मराठी बोलणारे, बाकी दोघं तमिळ. टेबलावर सगळ्याच भाषा चालायच्या.

*

गेम आणला सेल्वमनं. ओरत्तनाडूहून बदली होऊन आला तो फोनमध्ये हा ऑनलाइन गोल्फ घेऊनच. आमच्यापैकी कुणीही खरं गोल्फचं मैदान पाहिलेलं नाही. सेल्वमनं फोन टेबलावर ठेवला. हिरवीगार जमीन, मध्ये भरलेलं तळं, वाळूचे खड्डे, लांबवर एक झेंडा.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं.

"पाणी आहे, जमीन सपाट आहे, आणि भात लावला नाही?"

"सार, हा खेळ आहे," सेल्वम म्हणाला.

"असू दे की! जमिनीचा पट्टा कोणाच्या नावावर आहे ते सांग!"

*

आठवड्याभरात चौघंही खेळायला लागलो. चेंडू मारायच्या काठीला क्लब म्हणायचं, हे तेव्हा कळलं. लांब मारायचा क्लब म्हणजे ड्रायव्हर, गवतातून काढायची ती आयर्न, वाळूतून काढायचा आणखी वेगळा. कुठल्यात ताकद जास्त, कुठल्यात अचूकपणा. चेंडूंचंही तसंच. काही लांब जातात, काही वाऱ्याला दाद देत नाहीत.

मारताना पडद्यावर एक सुई डावी-उजवीकडे झुलते. ती बरोबर मध्यावर असताना अंगठा सोडायचा. इथं अण्णांना तोड नव्हती. तीस वर्षं शाईनं शिवेच्या रेषा ओढलेला हात तो! सुई मध्यावर, अंगठा वर, "परफेक्ट!" असं फोन ओरडायचा, आणि अण्णा शांतपणे दहीभाताचा पुढचा घास घ्यायचे.

सेल्वमचं सगळं लक्ष वाऱ्यावर. "काट्रु, सार, काट्रु!" म्हणून ओरडायचा आणि वाऱ्याचे आकडे मोजणीच्या वहीत उतरवायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकी तीच वही उघडली. वारा अमुक, उतार उजवीकडे, पाण्यापलीकडे वाळू.

"हे कुठलं गाव?"

सेल्वमनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी नकाशावरून मानही वर केली नाही.

"लांबचं आहे सार. तिथं अजून बस जात नाही."

साहेबांनी सही केली!

*

मग अण्णांचे चेंडू डावीकडे जायला लागले.

पहिल्यांदा अण्णांनी क्लबला दोष दिला. क्लब बदलला. मग चेंडू बदलला. मग फोनच्या काचेवरचं प्लास्टिक काढून टाकलं. मग फोनच नवा घेतला. आम्ही रोज जेवताना नवा इलाज सुचवायचो आणि चेंडू रोज डावीकडे जायचा.

एके दिवशी अण्णा डब्याच्या झाकणात सांबार ओतत होते. झाकणाचा टेबलावर टकटक आवाज व्हायला लागला. बारीक, एकसारखा. अण्णांनी झाकण खाली ठेवलं. आवाज थांबला. चौघांनीही पाहिलं होतं. त्या दिवशी क्लबचं नाव कुणीच काढलं नाही.

*

मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर चांगले होते, पण घाईत होते.

"हाताचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"गोल्फ खेळताना," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून पहिल्यांदाच वर पाहिलं. "गोल्फ? व्हेरी गुड! ते मात्र सोडू नका. मोकळ्या हवेत चालणं होतं!"

मग बाकीचं सांगितलं. कंप जाणार नाही. गोळ्यांनी थोडा आवरेल, सावकाश वाढत राहील. ड्रॉइंगचं काम किती दिवस जमेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अण्णा फोन घेऊन व्हरांड्यात गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत खेळायला लागले.

"अण्णा, हे काय?"

"डॉक्टरांचा हुकूम आहे. चाललं पाहिजे!"

आम्ही हसलो. मालती मॅडम हसता हसता हात धुवायला उठल्या, त्या सुट्टी संपली तरी परत आल्या नाहीत.

*

पुढची गोष्ट आमच्या मूर्खपणाची.

गेममध्ये एक क्लब होता. ताकद बेताची, पण त्याची सुई सावकाश झुलायची. थरथरत्या हाताला तोच बरा. तो वाढवायचा, म्हणजे आणखी चांगला करायचा, तर त्याची कार्डं लागतात, आणि एका ग्रुपमधली माणसं एकमेकांना कार्डं देऊ शकतात. आम्ही तिघांनी आपापली कार्डं गुपचूप अण्णांना द्यायला सुरुवात केली. सेल्वमनं तर स्वतःचा लाडका क्लब वाढवायचा सोडून दिला. अण्णांचे चेंडू पुन्हा सरळ जायला लागले. ते खूश, आम्ही खूश.

मग एके दिवशी कार्डं कुणी पाठवली त्याची यादी त्यांनी पाहिली. रोज आमची तीन नावं.

"ह्या ताल्लुक्याची प्रत्येक शीव माझ्या हातानं काढली आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला रांगायला शिकवता?"

सेल्वम काहीतरी बोलायला गेला. अण्णांनी डबा उचलला आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. ग्रुपही सोडला. महिनाभर तिथंच जेवले. आम्ही तिघं टेबलाशी, ते खिडकीशी, मध्ये पंधरा पावलं.

*

मालती मॅडमना चेंडू वापरायचा लोभ नव्हता, साठवायचा होता. बक्षिसात मिळालेले भारी चेंडू त्या कधीच मारायच्या नाहीत. साध्या पांढऱ्या चेंडूवर हरत राहायच्या. "चांगल्या दिवसासाठी ठेवलेत," म्हणायच्या. रेशमी साड्यांचंही त्यांचं तेच होतं.

त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली. मग सेल्वम म्हणाला, "मॅडम, आज तरी मारा! आणखी कुठला चांगला दिवस येणार?"

मॅडमनी सगळ्यात भारी चेंडू निवडला. "ड्रायव्हरच घेते!" म्हणाल्या. बोट स्थिर, सुई मध्यावर, "परफेक्ट!" चेंडू उंच गेला, झेंड्याच्या दिशेनं गेला, आणि तळ्यात पडला.

"बघा!" मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच मी ठेवत होते!" आणि रडायला लागल्या. 

तेवढ्यात खिडकीपासून आवाज आला. "चेंडूचा दोष नाही. तिथं ड्रायव्हर कोण घेतं? आयर्न घ्यायची."

महिन्याभरातले अण्णांचे पहिले शब्द! ते डबा घेऊन उठले आणि आपल्या जागी येऊन बसले. मॅडमची जागा दुसऱ्या दिवसापासून रिकामी झाली.

*

मुदतीआधी निवृत्ती घ्यायचा अर्ज अण्णांनी त्यानंतर दिला. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, "गोविंदा, एक मॅच. तू आणि मी."

मी ठरवून टाकलं, हरायचं. पिशवीतला सगळ्यात वाईट क्लब घेतला. वाऱ्यावर भरकटणारा साधा चेंडू घेतला. तळ्यावर नेम धरला आणि सुई पार टोकाला गेल्यावर अंगठा सोडला. चेंडू तिरपा गेला, वाऱ्यानं वळला, एका दगडावर आपटला, उडाला, आणि गडगडत जाऊन होलमध्ये पडला. एका फटक्यात! फोनवर फटाके उडायला लागले. इतक्या वर्षांत आम्हा चौघांपैकी कुणालाही हे जमलं नव्हतं.

मला मान वर करवेना. अण्णांनी माझ्या पडद्यावरचा क्लब पाहिला, चेंडू पाहिला. सगळं कळलं त्यांना.

"हरायलासुद्धा हात चांगला लागतो रे," ते म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नंतर चष्मा पुसायला गेले तर रुमाल धरवेना. मी पुसून दिला. ह्या वेळी त्यांनी पुसू दिला.

*

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी तिरुवैयारूला गेलो होतो. अण्णा आता तिथं, कावेरीच्या बाजूला, वहिनींच्या माहेरच्या घरी असतात. बोलणं फार हळू झालंय. एका वाक्याला मध्ये दोनदा थांबावं लागतं.

ओट्यावर बसलो. वहिनी कॉफी करायला आत गेल्या. अण्णांनी खिशाकडे बोट दाखवलं. मी त्यांचा फोन काढून गेम लावून हातात दिला, माझाही लावला. मॅच सुरू झाली. पहिला फटका त्यांचा.

क्लबांची यादी उघडली. अण्णांचा अंगठा एकेका क्लबावरून सरकत होता. ड्रायव्हरवर थांबला, पुढं गेला, परत मागे आला. फटक्याला ठरावीक सेकंद असतात. ते संपले. पाळी माझ्याकडे आली.

मीही क्लबांची यादी उघडली. कुठलाच निवडला नाही. माझेही सेकंद संपले.

पुन्हा त्यांची पाळी. पुन्हा माझी. समोरच्या रस्त्यानं एक टाऊन बस गेली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं गेमनंच मॅच बंद केली. मग दोन्ही फोनांचे पडदे काळे झाले.

वहिनी कॉफी घेऊन बाहेर आल्या. "कोण जिंकलं?"

अण्णांचा अंगठा काळ्या काचेवर अजून हलत होता.

"थांब," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "अजून... क्लब निवडतोय."